दीर्घ आजार, दारिद्र्य आणि शेजारधर्म : केरळमधील सांत्वन सेवेचा अनुभव

(पदव्युत्तर विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

दारिद्र्याची चर्चा आपल्याकडे बहुधा दारिद्र्यरेषेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. रेषेखाली किती टक्के लोक आहेत, तेंडुलकर समितीचा २००९ मधील निकष ग्राह्य धरावा की रंगराजन समितीचा २०१४ मधील, उपभोग खर्चाच्या कोणत्या पाहणीवर विसंबून राहावे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत आणि परीक्षेच्या दृष्टीने ते टाळताही येणार नाहीत. परंतु टक्केवारी ही एका क्षणाची स्थिती सांगते. कुटुंबांची ये-जा सांगत नाही. ज्या काळात काही कुटुंबे रेषेच्या वर जातात, त्याच काळात दुसरी काही कुटुंबे वरून खाली घसरत असतात आणि निव्वळ आकड्यात ही घसरण दिसेनाशी होते. अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात, आंध्र प्रदेश या राज्यांतील खेड्यांमध्ये ही ये-जा तपासली. कुटुंब गरिबीत का गेले, या प्रश्नाच्या उत्तरांत आजारपण आणि औषधोपचाराचा खर्च हे कारण सातत्याने अग्रभागी राहिले.

आजारपणाचेही दोन प्रकार आर्थिकदृष्ट्या वेगळे मानावे लागतात. एक आजार असा की जो येतो, रुग्णालयात नेतो, मोठे बिल करतो आणि बरा होतो. दुसरा असा की जो बरा होत नाही आणि जातही नाही. कर्करोगाची शेवटची अवस्था, पक्षाघात, मणक्याच्या दुखापतीमुळे आलेले पंगुत्व, मूत्रपिंड निकामी होणे, वार्धक्यातील विस्मरण हे दुसऱ्या प्रकारचे आजार. नारळाच्या वा सुपारीच्या झाडावरून पडून कमरेखालचा भाग लुळा पडलेला एक कष्टकरी डोळ्यांसमोर आणावा. केरळमध्ये अशी दुखापत दुर्मीळ नाही. त्याची मजुरी त्याच दिवशी थांबते. त्याला उठवणे, पुसणे, कूस बदलणे यांसाठी पत्नीला घरी राहावे लागते, म्हणून काही आठवड्यांत तिचीही मजुरी थांबते. घरातील किडूकमिडूक आधी शस्त्रक्रियेत गेलेले असते. मग मोठा मुलगा शाळा सोडतो. पाठीवर अंथरुणातील व्रण होतात, त्यांच्या मलमपट्टीसाठी शहरात जायचे तर भाड्याची गाडी हवी. या सगळ्यात औषधाचा खर्च हा खर्चाचा एक भाग झाला; बुडालेले उत्पन्न, विकलेली मत्ता आणि अर्धवट राहिलेले शिक्षण यांची नोंद कोणत्याही बिलावर होत नाही.

आरोग्यविम्याचे कवच या कुटुंबाला किती उपयोगी पडते? २००८ ची राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना असो की २०१८ पासूनची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना, दोन्हींचा मूळ आधार रुग्णालयातील भरती हा आहे. जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. परंतु ज्याला रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ असे सांगितले, त्याचे पुढचे पाच किंवा दहा वर्षांचे घर या संरक्षणाच्या बाहेर राहते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील लोकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट लक्षणीय आहे यात शंका नाही. मात्र केरळमध्ये, आरोग्याचे निर्देशांक देशात अव्वल असूनही, हा वाटा राष्ट्रीय सरासरीपेक्षा बराच अधिक राहिला आहे. आयुर्मान जितके वाढते तितके दीर्घ आजारही वाढतात, हा त्यातील एक दुवा होय. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण देशात ८.६ टक्के, तर केरळमध्ये १२.६ टक्के होते. केरळ आज ज्या प्रश्नाशी झुंजतो आहे, तो उर्वरित भारतापुढे उद्या येणारच आहे. म्हणूनच तेथील एका स्थानिक धर्मादाय संस्थेने काय केले, याचा अभ्यास प्रादेशिक कुतूहलापुरता मर्यादित राहत नाही.

कोळिकोडमधील आरंभ

१९९३ मध्ये कोळिकोड, म्हणजे पूर्वीचे कालिकत, येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात ‘पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी’ ही नोंदणीकृत धर्मादाय संस्था सुरू झाली. भूलशास्त्राचे डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेश कुमार आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरील कार्यकर्ते अशोक कुमार हे तिचे संस्थापक. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक शुश्रूषा. आजार बरा करणे शक्य नसेल तेव्हा वेदना व इतर त्रास कमी करणे आणि रुग्णासह त्याच्या कुटुंबाला आधार देणे, असा तिचा अर्थ जागतिक आरोग्य संघटनेने केलेला आहे. मल्याळममध्ये तिला ‘सांत्वन परिचरण’ म्हणतात. मराठीत सांत्वन हा शब्द मृत्यूनंतरच्या भेटीसाठी राखून ठेवलेला आहे. मल्याळी भाषकांनी तो रुग्ण जिवंत असतानाच वापरात आणला, हा फरक केवळ शब्दाचा नाही.

भारतात या सेवेचा हा पहिला प्रयत्न नव्हता. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये ‘शांती आवेदना सदन’ सुरू झाले होते आणि देशातील पहिले मृत्युपूर्व शुश्रूषागृह म्हणून त्याचा उल्लेख होतो. मात्र शुश्रूषागृह म्हणजे खाटा, इमारत आणि पगारी कर्मचारी. कोळिकोडच्या संस्थेने बाह्यरुग्ण विभागाच्या छोट्या जागेतून काम सुरू केले आणि रुग्णाला घरीच ठेवून त्याच्या घरच्या माणसांना शुश्रूषा शिकवण्यावर भर दिला. खाटेचा खर्च नसल्याने मर्यादित पैशांत अधिक रुग्णांपर्यंत पोहोचता आले.

पहिला अडसर पैशाचा नव्हता, कायद्याचा होता. कर्करोगाच्या तीव्र वेदनांवर मॉर्फिन हे परिणामकारक आणि अत्यंत स्वस्त औषध आहे. ज्या अफूपासून ते तयार होते तिची परवानाधारक शेती मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात होते आणि भारत जगाला अफू निर्यात करणारा प्रमुख देश राहिला आहे. तरीही भारतीय रुग्णाला मॉर्फिन मिळत नव्हते. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांची अशी साखळी उभी केली, आणि छोट्या तांत्रिक चुकीसाठीही अशी कठोर शिक्षा ठेवली, की औषध दुकानांनी व रुग्णालयांनी ते ठेवणेच बंद केले. देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून १९९७ मध्ये अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. शंभर कोटींकडे निघालेल्या देशासाठी १८ किलोग्रॅम! १९९८ मध्ये केंद्राने राज्यांना नियम सुलभ करण्यास सुचवले आणि केरळने ती सूचना लवकर अमलात आणली. मूळ कायद्यातील दुरुस्ती मात्र २०१४ मध्ये झाली. नियमनाचा हेतू योग्य असूनही त्याचा भार सर्वांत दुर्बळ घटकावर कसा पडतो, याचे हे उदाहरण लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्यांनी जवळ ठेवावे असे आहे. श्रीमंत रुग्णाला महागडे पर्याय उपलब्ध होते. स्वस्त औषधाच्या टंचाईची झळ गरिबालाच बसली.

वेदना थांबली, चूल पेटली नाही

संस्थेचा दुसरा धडा तिच्या स्वतःच्या मर्यादेतून आला. महाविद्यालयात येणाऱ्या रुग्णांपैकी अनेकांचे येणे पुढे थांबे. वेदना वाढल्यावर प्रवास जमत नसे, आणि प्रवास जमला तरी भाडे नसे. म्हणजे ज्याला गरज अधिक, तोच सेवेपासून दूर. ब्रिटिश डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये ‘व्यस्त सेवानियम’ मांडला होता : चांगल्या वैद्यकीय सेवेची उपलब्धता ही गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. विनामूल्य सेवा देणारी धर्मादाय संस्थाही या नियमातून आपोआप सुटत नाही. शुल्क शून्य असले म्हणजे किंमत शून्य असते असे नाही. अंतर, वेळ, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस या सर्व किमतीच आहेत.

उपाय म्हणून मलप्पुरम जिल्ह्यातील मंजेरी, निलंबूर यांसारख्या ठिकाणी संलग्न केंद्रे उघडली गेली आणि कार्यकर्ते घरोघरी जाऊ लागले. घरात पाऊल टाकल्यावर जे दिसले, ते दवाखान्याच्या टेबलापलीकडून दिसणे शक्य नव्हते. औषधाने वेदना थांबली होती, पण घरात तांदूळ नव्हता. रुग्णाला स्वतःच्या वेदनेपेक्षा मुलीच्या शाळेची चिंता अधिक होती. कोठे शौचालयापर्यंत जाण्याची सोय नव्हती, तर कोठे शेजारी येईनासे झाले होते. डॉक्टर ज्यांना दुय्यम मानत, त्या गोष्टी कुटुंबाच्या लेखी मुख्य होत्या. या प्रश्नांवर डॉक्टरपेक्षा शेजारी अधिक उपयोगी पडतो, हे सूत्र संस्थेच्या लक्षात आले आणि तेथून तिच्या कामाचे स्वरूपच बदलले.

१९९९ ते २००१ या काळात उत्तर केरळमध्ये ‘नेबरहूड नेटवर्क इन पॅलिएटिव्ह केअर’ ही शेजारसमूहांची जाळी आकाराला आली. तिची रचना साधी होती. ज्याला आपल्या परिसरातील रुग्णांसाठी आठवड्यातून किमान दोन तास देता येतील, त्याने नाव नोंदवावे. त्याला सोळा तासांचे सैद्धांतिक प्रशिक्षण आणि चार दिवस प्रत्यक्ष रुग्णभेटींचा अनुभव दिला जाई. प्रशिक्षण पूर्ण केलेल्या दहा-पंधरा जणांनी आपापल्या भागात गट करावा, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्यांचा शोध घ्यावा, त्यांना कशाची गरज आहे ते विचारावे आणि त्यानुसार काम ठरवावे. डॉक्टर व परिचारिका यांनी या गटाला साहाय्य करावयाचे. गटाने डॉक्टरला साहाय्य करावयाचे नव्हे. आरोग्यव्यवस्थेतील अधिकाराची नेहमीची उतरंड येथे जाणीवपूर्वक बदलली होती आणि त्यावर वैद्यकीय वर्तुळातून टीकाही झाली. अप्रशिक्षित माणसे रुग्णाच्या देहाशी व मनाशी खेळतील, ही भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. म्हणूनच औषधयोजना डॉक्टरकडे, व्रणांची काळजी परिचारिकेकडे आणि बाकीचे सर्व शेजाऱ्यांकडे, अशी कामाची विभागणी झाली.

हे ‘बाकीचे सर्व’ म्हणजे काय? महिन्याचा शिधा, मुलांची वह्या-पुस्तके व शुल्क, रुग्णालयापर्यंतची गाडी, निवृत्तिवेतनाचा व अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज, आणि कित्येकदा केवळ तासभर जवळ बसणे. मणक्याच्या दुखापतीने अंथरुणावर असलेल्यांना छत्र्या, कागदी पिशव्या, साबण यांसारख्या वस्तू बनवण्याचे काम शिकवले गेले. त्यातून मिळणारी रक्कम मोठी नसते. परंतु वर्षानुवर्षे केवळ घेणाऱ्याच्या भूमिकेत राहिलेल्या माणसाने घरात चार पैसे आणणे, याचे मोल बाजारभावाने ठरत नाही.

एक रुपयाचे अर्थशास्त्र

या जाळ्याचा पैसा कोठून आला, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणारा स्वाभाविक प्रश्न आहे. परदेशी देणगीदार आरंभी होते. पण शेजारसमूहांचा खर्च मुख्यतः त्या-त्या गावातील छोट्या देणग्यांतून भागू लागला. दुकानांतील पेट्या, दुकानदार व वाहतूक कामगारांच्या वर्गण्या, शाळकरी मुलांनी जमवलेले पैसे, आखातात गेलेल्या गावकऱ्यांनी पाठवलेली रक्कम, रमजानमधील जकात, मंदिर व चर्चच्या उत्सवांतील संकलन, असे अनेक झरे त्यात मिळाले. १५ जानेवारी हा दिवस केरळमध्ये सांत्वन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी मोठ्या प्रमाणावर निधिसंकलन होते. एक रुपयाची देणगीही स्वीकारावयाची, हे धोरण प्रथम भाबडे वाटते. एक रुपया गोळा करण्याचा व्यवस्थापन-खर्च रुपयापेक्षा अधिक येईल, असा आक्षेप कोणताही लेखापरीक्षक घेईल. परंतु येथे रुपया हा निधीपेक्षा मालकीचा पुरावा होता. ज्याने पेटीत रुपया टाकला, त्याला वर्षअखेरीस हिशेब विचारण्याचा अधिकार वाटू लागला. आणि उद्या आपल्या घरी वेळ आली तर हात पुढे करण्याचा संकोच उरला नाही.

सार्वजनिक वस्तूंच्या सिद्धांतात ‘फुकट्या लाभार्थी’ची समस्या शिकवली जाते. सर्वांना लाभ मिळणार असेल तर स्वतः का द्यावे, असा विचार प्रत्येकाने केल्यास वस्तू निर्माणच होत नाही. शेजारसमूहात ही समस्या सौम्य होते, कारण समूह लहान आहे, माणसे ओळखीची आहेत आणि आजार कोणाच्याही घरी येऊ शकतो, हे सर्वांना दिसते आहे. एका अर्थाने हा हप्ता नसलेला विमाच आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ‘सह-उत्पादन’ ही संकल्पनाही येथे लागू पडते : शिक्षण, सुरक्षितता, आरोग्य यांसारख्या सेवा यंत्रणेने बनवून नागरिकाच्या हाती ठेवता येत नाहीत, नागरिकाच्या सहभागाशिवाय त्या तयारच होत नाहीत. ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सामाईक साधनसंपत्तीवरील कामासाठी. त्यांच्या सह-उत्पादनाच्या मांडणीकडे आपल्या पाठ्यपुस्तकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे.

२००७ पर्यंत या जाळ्यात साठाहून अधिक केंद्रे होती आणि सुमारे १ कोटी २० लाख लोकवस्तीला त्यांची सेवा उपलब्ध होती. ‘इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट’ने २०१० मध्ये मृत्यूसमयीच्या शुश्रूषेच्या दर्जानुसार ४० देशांची क्रमवारी लावली, तेव्हा भारत चाळिसावा, म्हणजे अगदी शेवटचा आला. त्याच अहवालात केरळचा अपवाद म्हणून गौरवाने उल्लेख होता : देशाच्या लोकसंख्येत सुमारे तीन टक्के वाटा असलेले हे राज्य देशातील उपशामक सेवेपैकी दोन-तृतीयांश सेवा पुरवीत होते. या आकड्यात केरळच्या कौतुकाइतकीच उर्वरित भारताची कहाणी आहे.

दया की हक्क?

धर्मादाय कार्याविषयी अर्थशास्त्रज्ञांची एक जुनी तक्रार आहे. देणगी ही देणाऱ्याच्या इच्छेवर चालते. गरज मात्र इच्छेची वाट पाहत नाही. ज्या गावात आखाती पैसा आहे तेथील पेटी भरते, ज्या डोंगरी वस्तीत सगळेच मजूर आहेत तेथे ती रिकामी राहते. म्हणजे स्वयंसेवेवर विसंबलेली व्यवस्था गावांतर्गत विषमता कमी करते, पण गावागावांतील विषमता तशीच ठेवते. समता आणि समन्याय यांत भेद करावा लागतो तो येथे. सर्वांना सारखे देणे ही समता. ज्याची गरज मोठी त्याला अधिक देणे हा समन्याय. दुसरे काम करनिधीचा आधार असलेल्या संस्थेलाच व्यापक प्रमाणावर जमते.

केरळमध्ये ही संस्था हाताशी होती. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर १९९६ मध्ये राज्याने लोकयोजना मोहीम हाती घेऊन योजनानिधीचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवला होता. ग्रामपंचायतीकडे पैसा होता आणि तो कशावर खर्च करावा, याचा काही अंशी अधिकारही होता. मलप्पुरममधील पंचायतींनी शेजारसमूहांबरोबर काम सुरू केले. एप्रिल २००८ मध्ये केरळ सरकारने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले. असे धोरण करणारे ते देशातील पहिले राज्य. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाच्या साहाय्याने प्रशिक्षण सुरू झाले आणि पंचायतीच्या निधीतून परिचारिकांची नेमणूक होऊन गृहभेटी होऊ लागल्या. आज राज्यातील ९४१ ग्रामपंचायती, ८७ नगरपालिका व ६ महानगरपालिका या स्तरांवर ही सेवा पोहोचलेली आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये व कर्नाटकाने २०१६ मध्ये आपापली धोरणे स्वीकारली. केंद्राचा राष्ट्रीय उपशामक सेवा कार्यक्रमही २०१२ चा. २०१८ पासूनच्या आरोग्य व कल्याण केंद्रांच्या बारा सेवांमध्ये वृद्धांची काळजी व उपशामक सेवा यांचा समावेश आहे. कागदावरील ही प्रगती नाकारण्याचे कारण नाही. मॉर्फिन ठेवणारे आणि ते देण्याचे प्रशिक्षण घेतलेले डॉक्टर अनेक जिल्ह्यांत आजही मोजकेच आहेत, हेही तितकेच खरे.

शासन आल्यावर स्वयंसेवेचे काय झाले, हा भाग अधिक गुंतागुंतीचा आहे. पंचायतीच्या परिचारिकेने महिन्यातून एकदा येऊन नळी बदलणे आणि शेजाऱ्याने आठवड्यातून दोनदा येऊन चौकशी करणे, या परस्परपूरक गोष्टी आहेत. परंतु भेटींची संख्या हाच यशाचा मापदंड झाला की दुसरी गोष्ट अहवालातून वगळली जाते आणि हळूहळू व्यवहारातूनही. काही ठिकाणी एकाच घरी दोन पथके जातात आणि शेजारच्या वाडीत एकही जात नाही. पक्षीय निष्ठांनी गट विभागले गेल्याच्या तक्रारीही झाल्या. तरीही पंचायत हटवून हे काम पूर्वीप्रमाणे देणग्यांवर सोपवावे, असे कोणी म्हणत नाही. निश्चित निधी आणि उत्तरदायित्व या दोन गोष्टी देणगीच्या पेटीतून मिळत नाहीत.

दीर्घ आजाराचा आणि दारिद्र्याचा संबंध केरळच्या अलीकडच्या एका प्रयोगातही दिसला. राज्याने घरोघर शोध घेऊन ६४,००६ कुटुंबे अतिदरिद्री म्हणून निश्चित केली. त्यासाठीचे निकष अन्न, आरोग्य, उत्पन्न व निवारा असे चार होते आणि प्रत्येक कुटुंबासाठी स्वतंत्र सूक्ष्म आराखडा तयार करण्यात आला. १ नोव्हेंबर २०२५ रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा झाली. निवडीच्या पद्धतीवर आणि विशेषतः आदिवासी कुटुंबांच्या समावेशावर काही अर्थतज्ज्ञांनी प्रश्न उपस्थित केले आहेत व ते गंभीरपणे घ्यावेत असे आहेत. परंतु सरासरी लाभाऐवजी या एका घराला नेमके काय हवे, हा जो प्रश्न आराखड्यात विचारला गेला, तोच प्रश्न उत्तर केरळमधील स्वयंसेवक त्याआधी दोन दशके घराच्या पडवीत बसून विचारत होते.

घरातील अदृश्य कामगार

या सबंध रचनेत एका व्यक्तीचा हिशेब अजून लागलेला नाही. ती म्हणजे रुग्णाची प्रत्यक्ष शुश्रूषा करणारी स्त्री. शेजारी आठवड्यातून दोन तास देतो, परिचारिका महिन्यातून एकदा येते. उरलेले सर्व तास तिचे असतात. गृहाधारित सेवा स्वस्त पडते असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा ती शासनाला आणि संस्थेला स्वस्त पडते, एवढाच त्याचा अर्थ असतो. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-उपयोग पाहणीनुसार घरातील माणसांची विनामोबदला काळजी घेण्यात सहभागी स्त्रिया दिवसाला सरासरी १३७ मिनिटे, तर सहभागी पुरुष ७५ मिनिटे देतात. स्वयंपाक, धुणी-भांडी यांची मिनिटे याहून वेगळी. अंथरुणाला खिळलेला रुग्ण असलेल्या घराला ही सरासरी लागू करणे म्हणजे त्या घराची थट्टाच ठरेल. केरळने अशा शुश्रूषाकर्त्यांसाठी ‘आश्वासकिरणम्’ नावाची योजना सुरू केली. देशातील अशा मोजक्या योजनांपैकी ती एक आहे. तिच्यातील मदत मात्र अनेक वर्षे दरमहा ६०० रुपये राहिली, आणि तीही वेळेवर न मिळाल्याच्या तक्रारी झाल्या. शेतमजुरीचा दर देशात सर्वाधिक असलेल्या राज्यात ही रक्कम एका दिवसाच्या मजुरीहूनही कमी भरते.

स्वयंसेवकांमध्ये स्त्रियांची संख्या मोठी आहे. समित्यांवर मात्र पुरुष अधिक दिसतात. ‘समुदाय’ हा शब्द विकासाच्या चर्चेत फार सहजपणे वापरला जातो. समुदायालाही आतून जाती, वर्ग, लिंगभाव यांच्या भिंती असतात आणि शेजारधर्म त्या भिंतींशी अडखळतो. ज्याच्या घरी कोणी पाणी पीत नाही, त्याच्या अंथरुणाशी कोण बसणार? उत्तर केरळच्या अनेक गटांनी प्रशिक्षणात हा प्रश्न स्पष्टपणे घेतला, कारण एड्सग्रस्त आणि मानसिक रुग्ण यांच्या बाबतीत तो लगेच समोर आला होता. कर्करोगापासून सुरू झालेली सेवा याच वाटेने वृद्ध, पक्षाघाताचे रुग्ण व मनोरुग्ण यांच्यापर्यंत विस्तारली. वायनाडसारख्या आदिवासीबहुल भागात मात्र रुग्णांमध्ये आदिवासी दिसतात तितके ते स्वयंसेवकांमध्ये दिसत नाहीत. मदत घेणारा आणि देणारा यांच्या जागा बदलण्याची शक्यता, जी मलप्पुरममध्ये या कामाचा प्राण होती, ती तेथे पुरेशी निर्माण झालेली नाही.

कोळिकोडच्या मूळ संस्थेतून पुढे ‘इन्स्टिट्यूट ऑफ पॅलिएटिव्ह मेडिसिन’ उभी राहिली आणि २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिला समुदाय सहभागासाठीचे सहयोगी केंद्र म्हणून मान्यता दिली. डॉ. राजगोपाल यांनी २००३ मध्ये तिरुवनंतपुरम येथे ‘पॅलियम इंडिया’ स्थापन केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाच्या मृत्यूविषयक आयोगाने २०२२ च्या अहवालात केरळचा अनुभव सविस्तर नोंदवला आहे. या प्रसिद्धीमुळे ‘केरळ प्रारूप’ इतरत्र जसेच्या तसे उचलण्याचा मोह होतो. केरळमध्ये साक्षरता आहे, वाचनालये आहेत, ग्रंथशाला चळवळीपासून कुटुंबश्रीपर्यंत संघटनेची सवय आहे, गावाला लागून गाव असल्याने अंतरे कमी आहेत. मेळघाटात किंवा बस्तरमध्ये यांपैकी बऱ्याच गोष्टी नाहीत.

म्हणून पश्चिम बंगालमधील नादिया जिल्ह्याचे उदाहरण उपयोगी ठरते. केरळच्या कार्यकर्त्यांच्या मार्गदर्शनाने तेथे स्थानिक तरुणांनी गट बांधले, तेव्हा कार्यपद्धती केरळची घेतली, पण काम तेथील गरजेने ठरवले. अशा प्रत्येक ठिकाणी पहिले पाऊल एकच असते. परिसरातील ज्या घरांत कोणी महिनोन्‌महिने अंथरुणावर आहे, त्या घरांची यादी करावयाची. कोणत्याही शासकीय नोंदवहीत ही यादी तयार मिळत नाही. आशा कार्यकर्ती, अंगणवाडी सेविका, शाळेतील शिक्षक आणि किराणा दुकानदार यांना विचारूनच ती करावी लागते. किराणा दुकानदाराला ती सर्वांत आधी ठाऊक असते, कारण उधारीची वही त्याच्याकडे असते.